हिंगण्याचा समुद्र

बाबा कंपनीच्या बसमध्येच गेले. दिवसपाळी संपवून हिंगण्याहून परत येताना, खिडकीला डोकं टेकवून. सक्करदऱ्याचा थांबा आला तेव्हा मागच्या सीटवरच्या माणसाने "लहानूजी, उतरा गा" म्हणत त्यांच्या खांद्याला हात लावला. शेजारची सीट रिकामी होती. ती नेहमीच रिकामी असायची, वासामुळे.

बाबा 'शुभदाणा फीड्स' या कोंबडीखाद्याच्या कारखान्यात होते. किनाऱ्यावरून ट्रकने येणारी पोती उघडायची, हात घालून आतला माल बघायचा आणि पास की नापास ते सांगायचं, हे त्यांचं काम. पोत्यात सुकी बारीक मासळी असायची. ट्रॉलरच्या जाळ्यात कोळंबीबरोबर जे जे येतं आणि बाजारात विकलं जात नाही, ते सगळं. पापलेटची पिल्लं, नखाएवढे खेकडे, मोठेपणी आपण कोण होणार हे अजून न ठरलेले मासे. हे किनाऱ्यावर वाळवतात, नागपुरात आणून दळतात आणि कोंबड्यांना घालतात. कोंबडी आपण खातो. नागपूरकराला समुद्र आठशे किलोमीटर लांब वाटतो, पण रविवारी तो त्याच्या सावजी रश्शात असतो.

बाबांनी स्वतः समुद्र पाहिला नव्हता. त्यांचा सगळ्यात लांबचा प्रवास मौद्यापर्यंत, आत्याकडे. समुद्र मात्र रोज त्यांच्या अंगावर बसून घरी यायचा. बस थांबली की अर्ध्या गल्लीतच आईला कळायचं. ती स्वयंपाकघरातून, मान न वळवता म्हणायची, "पाणी काढलं हाय. आधी आंग धुवा." आमच्या घरात संध्याकाळ याच वाक्याने व्हायची.

पोत्यांत कधीकधी काहीतरी अखंड, देखणं सापडायचं. बाबा ते बाजूला काढायचे. त्यांनी पॅकिंगच्या फळ्यांची एक पेटी केली, पुढे काच बसवली आणि ती वजनकाट्याशेजारी भिंतीवर टांगली. आत खिळ्यांवर सुकलेले जीव आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी. मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते, म्हणून एकदा त्यांना समुद्री जीवांचं पुस्तक आणून दिलं. त्यांनी चित्रं मन लावून पाहिली आणि नाव मात्र एकही घेतलं नाही. "तुया पुस्तकातले नावं कोनाले पाठ होतीन वं?" म्हणाले. त्यांची स्वतःची नावं होती. फुगून गोल झालेला काटेरी मासा म्हणजे 'वच्छलाबाई'. त्या आमच्या शेजारीण, आणि त्यांना हे अजूनही कळलेलं नाही. दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला चपटा मासा 'हेडक्लार्क'. तारामासा 'फौजदार'. जेमतेम हातभर लांबीचा, हातोडीसारख्या डोक्याचा शार्क 'मिस्त्री'.

समुद्रघोड्याला आधी 'नवरदेव' म्हणत. मग मी सांगितलं की या जातीत पिल्लं नराच्या पोटात वाढतात. बाबांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"खरंच सांगून राहिली का?"

"खरंच."

"म्हणून त्याचं पोट असं भरेल दिसते." दुसऱ्या दिवशी कारखान्यात जाऊन त्यांनी चिठ्ठी बदलली. नवीन चिठ्ठीवर लिहिलं होतं: 'बाप'.

बाबा गेल्यावर आईने एकच गोष्ट मागितली. "त्यायची पेटी घेऊन ये वं. रविवारी पुण्यानुमोदन हाय. फोटोजवळ ठेवू. तिथं भिताडाले कायले टांगून ठेवाची?"

मी हिंगण्याला गेले. गेटवर नागसेनकाका होते. गेटही तेच बघायचे आणि वजनकाटाही. बाबांचे जुने सोबती. "जय भीम, प्रीती," म्हणाले, आणि त्यांनी माझ्या हातात व्हिजिटरचा बिल्ला दिला.

पेटीचा निर्णय हर्षितकडे होता. कंपनीच्या 'ब्रँड आणि शाश्वतता' विभागाचा प्रमुख. वय माझ्याहून कमी, टेबलावर छोटं रोप आणि भिंतीवर डॉल्फिनचं चित्र.

"मॅडम, बाबूजींचं फार वाईट वाटलं. फॅमिली मेंबर होते," तो म्हणाला. "पण पेटीचं असं आहे, पोत्यातून जे निघतं ते कच्चा माल. कच्चा माल कंपनीची प्रॉपर्टी."

"पेटी पॅकिंगच्या फेकलेल्या फळ्यांची आहे."

"पेटी तुमची धरू या. आतलं आमचं."

मी म्हटलं, मग आतलं काढून घेतो आणि रिकामी पेटी देतो, असं तुम्हीच आईला फोनवर सांगा. त्याने फोनकडे पाहिलं आणि विषय बदलला.

"गुरुवारी या ना. समितीची व्हिजिट आहे. तेव्हा बाबूजींची शोकसभा पण ठेवतोय. एकत्रच. स्टेज तेच, फुलं तीच. मग बघू पेटीचं."

समिती कसली, हे सांगायला हवं. किनारी मासेमारीत होणारी नासाडी रोखण्यासाठी एक अभ्यास समिती नेमली होती. तिने वर्षभरात एक तरी प्रत्यक्ष पाहणी करायची होती. वर्ष संपत आलं तेव्हा डिसेंबर उजाडला होता, अधिवेशनासाठी सगळे नागपुरात होते, आणि नागपुरात समुद्र नव्हता. कुणीतरी शोध लावला की हिंगण्याला एका कारखान्यात मासळी येते. पाहणीचं ठिकाण ठरलं. अध्यक्षांचा मतदारसंघ समुद्रापासून आमच्याइतकाच लांब होता, म्हणून ते या विषयात निःपक्षपाती मानले जात.

गुरुवारी कारखाना ओळखू येत नव्हता. गेटपासून शेडपर्यंत निळा गालिचा. पोत्यांच्या थप्पीवर हिरवी जाळी टाकून पुढे भाड्याच्या पामच्या कुंड्या मांडल्या होत्या. बाबांच्या अंगाला येणारा तो वास कुठेच नव्हता. एक मुलगी हातात फवारा घेऊन कोपऱ्याकोपऱ्यात सुगंध मारत फिरत होती. बाटलीवर लाटांचं चित्र होतं. समुद्राचा वास जावा म्हणून समुद्राचा वास मारत होते.

स्टेजवर मोठा फलक. एका बाजूला उडी मारणारा डॉल्फिन, दुसऱ्या बाजूला ओळखपत्रावरून मोठा केलेला बाबांचा फोटो. खाली 'कै. लहानूजी: सागराचे मित्र'.

"आमच्याकडे कालकथित लिहितात," मी हर्षितला म्हटलं.

"जागा कमी होती मॅडम. डॉल्फिनची शेपटी मध्ये येत होती."

समिती आली. नागसेनकाकांनी दोन बोटं कपाळाला लावून सलाम केला. सुरुवातीला दोन मिनिटं मौन झालं, 'समुद्रातील जीवसृष्टीसाठी आणि लहानूजींसाठी'. हर्षितने वेळ वाचवला होता. मग अध्यक्ष बोलले. समुद्र ही आपली आई आहे असं ते म्हणाले, आणि थोड्या वेळाने तो आपला बाप आहे असंही म्हणाले. मोठमोठ्या बोटी बारीक जाळी लावतात, तळ खरवडून काढतात, पिल्लंसुद्धा सोडत नाहीत, असं त्यांनी कागदावरून वाचलं. वाचताना त्यांचा आवाज खरंच जड झाला. कुंड्यांच्या मागची पोती त्यांच्यापासून चार हातांवर होती.

जेवण तिथेच होतं. बाहेरून मागवलेलं, पहिलाच पदार्थ तळलेलं पापलेट. एकेक तळहातातही हरवेल एवढं. अध्यक्षांनी एक शेपटीला धरून उचललं.

"काय गोंडस आहे हो!"

"बेबी पापलेट सर. काटा लागत नाही," हर्षित म्हणाला.

"राज्याचा मासा ना हा आपल्या?"

"हो सर. खास म्हणूनच ठेवला."

मी वरणभात घेतला आणि वजनकाट्याकडे निघाले. पेटी तिथेच होती, पण पाठमोरी. काच भिंतीकडे. नागसेनकाका स्टुलावर बसून डबा खात होते.

"सकाळीच उलटी करून ठेवली त्या पोरानं," ते म्हणाले. "म्हणे समितीले दिसली नाही पायजे. मी म्हटलं, लहानूनं कोनाचं घोडं मारलं गा?" मग जीभ चावली. "घोडं तं हाय म्हणा आत."

बाबा गेल्यापासून मी पहिल्यांदाच हसले. दोघांनी मिळून पेटी सरळ केली. काच पुसली. सगळे जागेवर होते. वच्छलाबाई फुगलेल्याच होत्या.

तेवढ्यात हात धुवायला बेसिन शोधत अध्यक्ष तिकडे आले, मागे अख्खी समिती. पेटी बघून ते थांबले. हर्षित त्यांच्यापुढे येऊन उभा राहायला गेला, पण अध्यक्ष रुंद होते.

"अरे! हे काय आहे?"

"सर, ते म्हणजे..."

"आपल्या पोत्यांतून निघालेले जीव आहेत," मी म्हटलं. "माझ्या वडिलांनी जमवले."

हर्षितने डोळे मिटले. मला वाटलं, आता काहीतरी होईल. ही पेटी म्हणजे एका कारखान्याच्या एका शेडमध्ये एका माणसाला जेवढं बाजूला काढता आलं तेवढं. बाकीचं दळून गेलं. हे कुणालाही दिसेल असं मला वाटलं.

अध्यक्षांनी चष्मा लावला. एकेक चिठ्ठी वाचली. 'हेडक्लार्क'पाशी मनापासून हसले आणि सचिवांना बोलावून दाखवलं. सचिव कमी हसले. मग ते समितीकडे वळले.

"बघा! किती प्रकार! एका पोत्यात एवढे असतील तर समुद्रात केवढे असतील? आणि लोक म्हणतात मासे संपत चालले. लिहून घ्या, विविधता समाधानकारक आहे."

कुणीतरी लिहून घेतलं.

हर्षितने डोळे उघडले. मी माणसाचा चेहरा इतक्या लवकर बदलताना कधी पाहिला नव्हता. "सर, हेच आमचं सागर संग्रहालय," तो म्हणाला. "कंपनीने कामगारांना प्रोत्साहन देऊन उभं केलेलं. सरप्राइज होतं, शेवटी दाखवणार होतो." पाच मिनिटांत स्टेजवरची निळी फीत आणून पेटीभोवती बांधली गेली. कात्री आली. अध्यक्षांनी फीत कापली. टाळ्या झाल्या. फोटोसाठी मला पेटीच्या डाव्या बाजूला उभं केलं.

"मॅडम, आता तर प्रश्नच मिटला," हर्षित माझ्या कानाशी म्हणाला. "पेटी कायम इथेच राहणार. बाबूजी अमर झाले. फक्त नावं शास्त्रीय टाकू या, ती तुम्ही करून द्या."

"आई रविवारी वाट बघतेय," मी म्हटलं.

"आईंना पण आणा ना. पास देतो."

समितीबरोबर वैभवी मॅडम म्हणून वन्यजीव अधिकारी आल्या होत्या. सकाळपासून त्या एक शब्द बोलल्या नव्हत्या. आता त्या काचेजवळ वाकल्या.

"हा समुद्रघोडा आहे," त्या म्हणाल्या. "हा कायद्याने संरक्षित आहे. नुसता जवळ बाळगणं हासुद्धा गुन्हा आहे. संग्रहालय कुणाच्या ताब्यात आहे?"

अध्यक्षांनी कात्री शेजारच्या माणसाच्या हातात दिली. त्याने ती पुढच्याला दिली. शेवटी ती नागसेनकाकांच्या डब्याशेजारी येऊन पडली.

"ताब्यात म्हणजे," हर्षित म्हणाला, "कंपनीचा याच्याशी काही संबंध नाही मॅडम. ही कै. लहानूजींची वैयक्तिक वस्तू आहे. आम्ही कधीपासून त्यांच्या फॅमिलीला सांगतोय, घेऊन जा म्हणून." मग माझ्याकडे वळून, "मॅडम, प्लीज. आजच न्या. गाडी देऊ का?"

तो धावत जाऊन गेटपास लिहून घेऊन आला. आत्तापर्यंत मिळत नव्हता तो कागद माझ्या हातात होता, सही-शिक्क्यासकट. त्यावर लिहिलं होतं: 'कै. लहानूजी यांनी स्वतःच्या हौसेखातर बाहेरून आणलेली खाजगी वस्तू.' खाली माझ्या सहीसाठी रेघ.

"बाहेरून कुठून?" मी विचारलं.

"ती एक भाषा असते मॅडम."

"माझे वडील मौद्याच्या पुढे गेले नाहीत. समुद्रघोडा त्यांनी कन्हान नदीत पकडला?"

"तुम्हाला पेटी हवी होती ना?" आता त्याचा आवाज खरा झाला होता. "सही करा आणि न्या. नाहीतर राहू द्या, वैभवी मॅडम जप्त करतील सगळीच. बाबूजींना काय फरक पडणार आहे आता?"

वैभवी मॅडम वही उघडून उभ्या होत्या. वहीत नाव लिहायची जागा मोकळी होती. मी सही केली तर तिथे बाबांचं नाव जाणार होतं, आणि नाही केली तर रविवारी घरी बाबांच्या फोटोशेजारची जागा रिकामी राहणार होती. मला आईचा आवाज आठवत होता. आणि बाबा जेवताना सांगायचे ते आठवत होतं.

कारखान्यात दोनच वाटांनी वस्तू बाहेर जाते, ते सांगायचे. एक गेटपासवर. दुसरी, नापास होऊन. पोतं नापास झालं की त्याची वेगळी पावती फाटते आणि ते आल्या वाटेने परत जातं. पावतीवर नापास करायची चार कारणं छापलेली आहेत: वाळू, दगड, प्लास्टिक, ओल. बाबांनी एकदा पाचवं कारण हाताने लिहिलं होतं. त्या वेळच्या सुपरवायझरने सगळ्यांसमोर विचारलं, "काहून लहानू, कोंबडीले काटा काढून देतं का?" शेड हसली. बाबाही हसले. पण घरी सांगताना ते हसत नव्हते.

"काका," मी म्हटलं, "नापासचं पावतीपुस्तक कुठाय?"

नागसेनकाकांनी माझ्याकडे पाहिलं. काही न विचारता स्टुलाखालून पुस्तक काढलं, कार्बन सरळ केला आणि पेन माझ्या हातात दिलं.

मी लिहिलं. माल: कच्चा, सुकी मासळी, कंपनीच्या पोत्यांतून. शेरा: नापास. कारणाच्या चारही छापील शब्दांवर काट मारली आणि शेजारी बाबांचं कारण लिहिलं: फार लहान.

हर्षितने पावती हातात घेतली. मला वाटलं फाडेल. तो वाचत होता आणि वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावर परत तोच उजेड आला.

"नापास," तो म्हणाला. "म्हणजे कंपनीने नाकारला! संरक्षित प्रजाती आली आणि आम्ही नाकारली. वा. हे जास्त चांगलं आहे." त्याने लगेच सही केली आणि पावतीचा फोटोही काढला. "मॅडम, तुम्ही आमच्याकडे यायला हवं होतं, लायब्ररीत काय करता?"

वैभवी मॅडमनी कार्बनची प्रत घेतली. "म्हणजे हा कंपनीच्या कच्च्या मालात आला होता. सहीनिशी," त्या शांतपणे म्हणाल्या. "मग राहिलेली पोती पण बघू या. ती कुंड्यांमागची."

हर्षितचा हात फोनवर तसाच राहिला. अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. अधिवेशनात त्यांचा प्रश्न लागला होता, गाड्या चालू होत्या. "पोती पुढच्या पाहणीत," ते म्हणाले. "घाईत केलेली पाहणी बरोबर नाही." पुढची पाहणी पुढच्या वर्षी, अर्थात अधिवेशनात. वैभवी मॅडमनी तरीही एका पोत्यात हात घातला, मूठभर काढून पाकिटात भरलं आणि वहीत काहीतरी लिहिलं. नाव कुणाचं लिहिलं ते मला दिसलं. बाबांचं नव्हतं.

"समुद्रघोडा मात्र मला न्यावा लागेल," त्या मला म्हणाल्या. "बाकीचं न्या तुम्ही."

त्यांनी तो खिळ्यावरून फार सांभाळून काढला. मी चिठ्ठीही काढायला लागले, तर म्हणाल्या, "ती राहू द्या. ती आमच्या कामाची नाही."

कंपनीची गाडी मी घेतली नाही. दिवसपाळीची बस सुटत होती, नागसेनकाकांनी पेटी आत चढवून दिली. "खिडकीकडं बस," म्हणाले, आणि बोट दाखवलं. मला माहीत होतं कुठली सीट. पेटी मांडीवर घेतली. बाहेरच्या हवेत दोन थांब्यांतच लाटांच्या चित्राचा सुगंध उडाला आणि खालचा वास वर आला. शेजारी बसलेला एक माणूस उठला, माफी मागितल्यासारखं हसला आणि पुढे जाऊन उभा राहिला. सक्करदऱ्यापर्यंत माझ्या शेजारची सीट रिकामी होती.

गल्लीत अंधार पडायला आला होता. दाराशी वच्छलाबाई उभ्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, एकीकडून वाकून पाहिलं. "या फुगेल मच्छीचं तोंड कोनासारखं दिसते वं?" म्हणाल्या. मी म्हटलं, माहीत नाही.

आत गेले. स्वयंपाकघरात आई माझ्याकडे पाठ करून पोळ्या लाटत होती. मी काही बोलायच्या आधी, मान न वळवता ती म्हणाली,

"पाणी काढलं हाय. आधी आंग धुवा."

लाटणं थांबलं. ती वळली नाही. मीही हलले नाही. तव्यावरची पोळी करपायला लागली तशी तिने ती उलटली.

"ठेव तिथं, फोटोपाशी," थोड्या वेळाने म्हणाली.

मी ठेवली. हात पुसून ती आली, काचेजवळ बसली. एकेकावरून तिची नजर फिरली आणि रिकाम्या खिळ्यापाशी थांबली. खालची चिठ्ठी तिने बोट फिरवत हळूच वाचली: 'बाप'.

बादलीतलं पाणी खरंच गरम होतं. तिने काढून ठेवलं होतं.